पाहुणा जातच नाही तेव्हा...

"एकदा येऊन गेल्या ना, आता परत नाही यायच्या!" कांजण्या झालेल्या पोराच्या आईला शेजारच्या मावशी हमखास हेच सांगतात. होस्टेलवर कुणाला कांजण्या आल्या की वॉर्डनचाही पहिला प्रश्न असतो, "रूम पार्टनरला लहानपणी येऊन गेल्यात का?" यातल्या कुणीही मेडिकलचं पुस्तक उघडलेलं नसतं. तरी शरीराला आठवण असते, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

पण मित्रांनो, कधी पुढचा प्रश्न पडलाय? पाहुणा येऊन गेला तर आठवण राहते, कबूल. जो व्हायरस येतो आणि जातच नाही, त्याच्या बाबतीत ही आठवण काय करते?

मी इलेक्ट्रिकलची. आमचं गाव धर्मापुरी, बीड जिल्ह्यातलं. जुना किल्ला आणि केदारेश्वराचं देऊळ पाहायला कधीतरी जरूर या. शाळा मात्र कॉन्व्हेंटची. त्यामुळे बायोलॉजी शिकले इंग्रजीतून आणि आजार पाहिले मराठीतून! पुस्तकात एक नाव, आजीच्या तोंडी दुसरंच. या लेखात ती दोन्ही नावं एकत्र आणायचा प्रयत्न करतेय. थोडं सायन्स आहे, पण घाबरू नका, व्हायवा नाहीये.

आठवण म्हणजे नेमकं काय?

आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींमध्ये बी सेल आणि टी सेल असे दोन प्रकार असतात. यातली प्रत्येक पेशी एकाच विशिष्ट आकाराला ओळखते, जणू एका कुलपाची एकच किल्ली. अशा लाखो वेगवेगळ्या किल्ल्या घेऊन या पेशी अंगभर फिरत असतात. नवा व्हायरस शिरला की ज्या पेशीची किल्ली त्याला बसते, ती स्वतःच्या कॉपी काढत सुटते. आठवडाभरात एकीच्या हजारो होतात. बी सेल अँटीबॉडी तयार करतात, तर टी सेल व्हायरस शिरलेल्या पेशींना शोधून मारतात. हे सगळं उभं राहायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या खेपेला आपण आजारी पडतो.

लढाई संपली की या टी सेलच्या फौजेतल्या ९० ते ९५ टक्के पेशी मरून जातात. बरोबरच आहे, एवढी फौज रिकामी पोसायची कुणी? उरलेल्या ५-१० टक्के म्हणजे मेमरी सेल. त्या स्टँडबायवर असतात. थोडं खातात, हळूहळू आपली संख्या टिकवतात, आणि तोच व्हायरस पुन्हा आला की आठवड्याचं काम एक-दोन दिवसांत सुरू करतात. आपल्याला कळायच्या आत विषय संपलेला असतो.

ही आठवण किती दिवस टिकते? याचं एक जुनं उदाहरण उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवरचं आहे. तिथे १७८१ मध्ये गोवराची साथ आली होती. त्यानंतर ६५ वर्षं गोवर त्या बेटांवर फिरकलाच नाही. १८४६ मध्ये तो परत आला आणि पावणेआठ हजार वस्तीतले सहा हजारांवर लोक आजारी पडले. पीटर पानुम नावाचा तरुण डॅनिश डॉक्टर तपासायला गेला. त्याला दिसलं की १७८१ ची साथ लहानपणी काढलेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही पुन्हा गोवर झाला नव्हता. ६५ वर्षं शत्रूचं तोंड न पाहता आठवण शाबूत!

यातली महत्त्वाची गोष्ट लक्षात ठेवा. मेमरी सेलना टिकायला व्हायरस लागत नाही. उलट तो निघून गेला, म्हणूनच त्यांना विश्रांती मिळाली आणि त्या नीट तयार झाल्या. आता न जाणाऱ्या पाहुण्यांकडे वळू. त्यांच्या तीन तऱ्हा आहेत.

पहिला : लपून बसणारा

कांजण्या 'येऊन गेल्या' असं आपण म्हणतो खरं, पण त्या पूर्ण जात नाहीत. पुरळ बरं होतं, खपल्या पडतात, आणि व्हायरस मात्र पाठीच्या कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये जाऊन गप्प बसतो. तीस वर्षं, पन्नास वर्षं, कधी जन्मभर. मेमरी टी सेल त्याच्यावर पहारा ठेवून असतात. त्याने डोकं वर काढलं की तिथल्या तिथे दाबतात.

वय वाढलं की हा पहारा सैल पडतो. अँटीबॉडी बऱ्यापैकी असतात, पण टी सेलची आठवण फिकट होते. मग व्हायरस त्या एका मज्जातंतूच्या रस्त्याने कातडीपर्यंत येतो आणि कमरेला, छातीला, नाहीतर कपाळावर फोडांचा आग आग करणारा पट्टा उठतो. हीच आपली नागीण! पुस्तकातलं हर्पिस झोस्टर आणि आजीची नागीण एकच. नवा व्हायरस बाहेरून येत नाही, लहानपणच्या कांजण्याच परत भेटायला येतात.

आमच्याकडे अजून म्हणतात, नागिणीचं तोंड आणि शेपूट मिळालं की माणूस वाचत नाही. म्हणून गेरूच्या रेघा ओढून तिची 'वाट अडवतात'. आता तिचा रस्ता पाहा. शरीराच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे मज्जातंतू वेगळे असतात. व्हायरस एका बाजूच्या एका तंतूतून येतो, म्हणून पट्टा बहुधा शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतो. गेरू लावा किंवा न लावा, तो तिथेच थांबणार असतो. श्रेय मात्र गेरूला जातं!

यात तोटा असा की पहिले तीन दिवस गेरूतच जातात. नागिणीवर व्हायरस रोखणाऱ्या गोळ्या आहेत आणि पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्या तर त्यांचा चांगला उपयोग होतो. उशीर झाला की फोड जातात, पण ठणका काही म्हाताऱ्यांना महिनोन् महिने झोपू देत नाही. नागीण डोळ्याजवळ असेल तर त्याच दिवशी दवाखाना. आणि ज्याला कांजण्या कधी झाल्याच नाहीत, त्याने त्या ओल्या फोडांना हात लावला तर त्याला कांजण्या होऊ शकतात.

दुसरा : ठाण मांडून बसणारा

होस्टेलवर कावीळ म्हटलं की सगळे मेसच्या पाण्याकडे बोट दाखवतात. ती ए किंवा ई प्रकारची कावीळ. त्रास देते आणि बहुतेकांच्या बाबतीत निघून जाते. बी आणि सी प्रकारची कावीळ वेगळी. ती पाण्यातून येत नाही. ती रक्तातून, दूषित सुईतून, असुरक्षित शरीरसंबंधातून किंवा आईकडून बाळाला होते. आणि ती मुक्काम ठोकू शकते.

हिपॅटायटिस बी चा हिशोब बघा, चक्रावून जाल. हा व्हायरस जन्माच्या वेळी बाळाच्या शरीरात शिरला तर दहापैकी सुमारे नऊ बाळांमध्ये तो कायमचा राहतो. तोच व्हायरस धडधाकट मोठ्या माणसात शिरला तर शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांत राहतो. व्हायरस तोच, फरक यजमानाचा. मोठ्या माणसाच्या पेशी जोरात तुटून पडतात आणि लढाई संपवून मेमरी सेल बनवतात. बाळाच्या पेशी अजून शिकत असतात. त्यांची लढाई संपतच नाही.

न संपणाऱ्या लढाईत टी सेलचं काय होतं, हे उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं. त्यात एक मोठं नाव आहे रफी अहमद. मूळचे हैदराबादचे, काम अमेरिकेत. १९८४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या एका व्हायरसचा असा प्रकार वेगळा काढला जो शरीरात दीर्घकाळ राहतो. त्याच व्हायरसचा मूळ प्रकार उंदीर आठ-दहा दिवसांत साफ करतात. दोन्हींत फरक जेमतेम काही अक्षरांचा. पण पहिल्यात उंदराच्या टी सेल थकत जातात आणि दुसऱ्यात झकास मेमरी तयार होते. थकलेल्या पेशी मरत नाहीत, हजेरी लावतात, पण काम करत नाहीत. (शेवटच्या बाकावरच्या मंडळींनी मनाला लावून घेऊ नये!) आणखी एक फरक म्हणजे खरी मेमरी सेल व्हायरसशिवाय जगते, तर ही थकलेली पेशी व्हायरसच्या सततच्या टोचणीवरच तग धरून राहते.

२००६ मध्ये अहमद आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की या थकलेल्या पेशींवर पीडी-१ नावाचं एक बटण सतत दाबलेलं असतं. हे पीडी-१ जपानमध्ये तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडलं होतं. बटणावरचा दाब काढला तर पेशी पुन्हा कामाला लागल्या. मग निसर्गाने असलं बटण ठेवलंच कशाला?

याचं उत्तर आपल्या इलेक्ट्रिकलच्या पोरांना पटकन कळेल. विहिरीवरची मोटार तासन् तास ओव्हरलोडवर चालली तर स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले ट्रिप होतो. मोटार बंद पडते आणि आपण वैतागतो. पण तो ट्रिप झाला नसता तर वाइंडिंग जळालं असतं. पीडी-१ हा शरीराचा रिले आहे. हिपॅटायटिस बी मध्ये लिव्हरचं मोठं नुकसान व्हायरस स्वतः करत नाही, व्हायरस शिरलेल्या लिव्हरच्या पेशींवर हल्ला करणाऱ्या आपल्याच टी सेल करतात. त्या वर्षानुवर्षं पूर्ण जोरात लढल्या तर लिव्हर शिल्लक राहायचं नाही. ज्या उंदरांमध्ये हा ब्रेक काढून टाकला होता, ते त्या दीर्घकालीन व्हायरसमुळे झालेल्या आपल्याच पेशींच्या माऱ्याने मेले. म्हणजे थकवा हा बिघाड नाही, तडजोड आहे. व्हायरस राहील, पण घरही राहील.

असे ब्रेक सैल करून कॅन्सरवर औषधं निघाली आणि होंजो व जेम्स ॲलिसन यांना २०१८ चं नोबेल मिळालं. पण रिले परत रीसेट केला म्हणजे मोटार नवी होते का? हिपॅटायटिस सी वर आता अशा गोळ्या आहेत की साधारण बारा आठवड्यांत शंभरातले पंच्याण्णवच्या वर बरे होतात. अशा बऱ्या झालेल्या रुग्णांच्या टी सेल तपासल्या गेल्या आणि २०२१ मध्ये काही अभ्यास प्रसिद्ध झाले. व्हायरस गेला होता, पण पेशींच्या आत थकव्याचे व्रण तसेच होते. त्यांच्यापासून पहिल्या प्रतीची मेमरी झाली नाही. म्हणून हिपॅटायटिस सी बरा झालेल्या माणसाला तो पुन्हाही होऊ शकतो.

थोडक्यात, आठवण नंतर दुरुस्त करणं अवघड आहे. आधीच तयार करणं सोपं. लस हेच करते. हिपॅटायटिस बी च्या लशीनंतर वर्षं गेली की रक्तातल्या अँटीबॉडी कमी होतात, काहींच्या तपासणीत दिसतही नाहीत. तरी संरक्षण तीस वर्षं टिकलेलं आढळलंय. कारण हा व्हायरस सावकाश वाढतो, आजार दिसायला दीड ते सहा महिने लागतात, आणि तेवढ्या वेळात मेमरी सेल जाग्या होऊन काम उरकतात.

तिसरा : आठवणीतच घर करणारा

आता सर्वात अवघड पाहुणा, एचआयव्ही. भारतात तो पहिल्यांदा १९८६ मध्ये चेन्नईत सापडला. तो शोधणाऱ्या डॉक्टर सुनीती सोलोमन या माहेरच्या गायतोंडे, चेन्नईत स्थायिक झालेल्या मराठी घरातल्या. आपल्याकडे पुण्यात १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली.

एचआयव्ही हल्ला करतो तो सीडी-४ टी सेलवर. या पेशी म्हणजे कंट्रोल रूम. बी सेल आणि मारेकरी टी सेल दोन्ही त्यांच्या सिग्नलवर चालतात. उपचार नसेल तर कंट्रोल रूम रिकामी होत जाते आणि जुन्या आजारांच्या आठवणी असूनही उपयोगी पडत नाहीत. टीबी डोकं वर काढतो, तरुण माणसाला नागीण होते.

पण खरी गंमत (गंमत कसली, क्रूर चेष्टाच) पुढे आहे. काही सीडी-४ पेशींमध्ये व्हायरस शिरतो आणि नेमक्या त्याच पेशी लढाई संपवून विश्रांतीला जातात, मेमरी सेल बनतात. व्हायरसची प्रत त्यांच्या डीएनएमध्ये शिवलेली राहते. पेशी झोपली, व्हायरसही झोपला. औषध लागू पडतं जागा झालेल्या, वाढणाऱ्या व्हायरसवर. झोपलेल्याला ते दिसतच नाही. १९९७ मध्ये हा साठा औषध चालू असलेल्या रुग्णांमध्ये सापडला. पुढे मोजमाप झालं, तेव्हा कळलं की तो निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. या वेगाने पूर्ण संपायला सत्तर वर्षांच्या आसपास लागतील! मेमरी सेल दीर्घायुषी असतात, म्हणून तर फेरोच्या म्हाताऱ्यांना गोवर झाला नाही. तोच गुण इथे व्हायरसला आयतं घर मिळवून देतो.

म्हणूनच गोळी रोज आणि जन्मभर. ती घेतली तर व्हायरस रक्तात मोजता येणार नाही इतका कमी होतो, सीडी-४ पेशी पुन्हा वाढतात, आणि माणूस जवळजवळ इतरांएवढंच आयुष्य जगतो. २०११ मध्ये नऊ देशांतल्या जोडप्यांवरच्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. पुण्यातली आपली संस्थाही त्यात होती. लवकर उपचार सुरू केले तर जोडीदाराला लागण व्हायचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटलं. गोळी थांबवली की मात्र बहुतेकांच्या रक्तात काही आठवड्यांत व्हायरस परत येतो. मध्ये मध्ये थांबवून चालेल का, हेही तपासून झालंय. ३३ देशांतल्या साडेपाच हजारांच्या जवळपास रुग्णांवरचा तो अभ्यास २००६ मध्ये मध्येच थांबवावा लागला. खंड पाडणाऱ्यांमध्ये गंभीर आजार किंवा मृत्यूचा धोका अडीच पटीहून जास्त निघाला होता.

कोयता, कॅलेंडर आणि गोळी

आता हे सगळं आमच्या भागात आणून ठेवा. दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातल्या गावोगावच्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुक्काम पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, थेट मार्च-एप्रिलपर्यंत. पहाटे फडात, रात्री गाडी भरायला. अशा सहा महिन्यांत कुठलाही लांबचा उपचार पाळणं कठीण. मग तो बीपीचा असो, टीबीचा किंवा एचआयव्हीचा. त्यात कोपीला दार नसतं. चारजणांसमोर डबी उघडली की "कसली गोळी गं?" हा प्रश्न येतोच. आणि तब्येत बरी वाटत असली की थांबवायचा मोह सगळ्यात जास्त होतो. कारण बरं वाटणं हे साठा संपल्याचं लक्षण नाही, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

सोयी आहेत, त्या माहीत हव्यात. भारतात सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली. आमच्याकडच्या लोकांना जवळ म्हणजे अंबाजोगाई. तिथे १९७४ पासून स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथे एआरटी केंद्र आहे. तब्येत स्थिर असलेल्या रुग्णाला एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या मिळू शकतात. बाहेरगावी जायचं असेल तर तिथल्या केंद्रातून औषध घेण्याची व्यवस्था करता येते. निघायच्या आधी केंद्रावर तारखा सांगितल्या की झालं. १०९७ या मोफत नंबरवर माहिती मिळते. आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने कुणाचं एचआयव्ही स्टेटस त्याच्या परवानगीशिवाय उघड करायला, किंवा त्यावरून नोकरी, शिक्षण, उपचार नाकारायला बंदी आहे.

आपण होस्टेलवाल्यांनी काय करायचं?

१) आपलं लसीकरणाचं कार्ड घरून मागवा. हिपॅटायटिस बी ची लस सरकारी कार्यक्रमात देशभर २०११ पासून आली. त्याआधी ती मोजक्या भागांतच होती. म्हणजे २००५ च्या आसपास जन्मलेल्या आपल्यापैकी अनेकांची ती राहून गेलेली असू शकते. तीन डोस असतात, पहिला, मग एक महिन्याने, मग सहा महिन्यांनी. एका सेमिस्टरमध्ये बसत नाही, दोन लागतील!

२) रूम पार्टनरचा रेझर वापरू नका, आपला देऊ नका. सलूनमध्ये नवं ब्लेड मागा. जत्रेत एकाच सुईने सगळ्यांना गोंदणाऱ्याकडून टॅटू काढू नका, कितीही स्वस्त असला तरी.

३) बी आणि सी कावीळीची तपासणी व उपचार सरकारी दवाखान्यात २८ जुलै २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. घरात कुणाला बी असेल तर बाकीच्यांची तपासणी करून घ्या. बाळ जन्मलं तर पहिल्या २४ तासांत लस, हे घरच्यांना सांगा.

४) आजी-आजोबांना नागीण झाली की फोन ठेवायच्या आधी "आजच दवाखान्यात जा" एवढं म्हणा. गेरू हवा तर नंतर लावू देत.

५) मेसमध्ये, बसमध्ये, गावात, कुणी रोज ठरलेल्या वेळी गोळी घेताना दिसलं तर "कसली?" असं विचारू नका. पाण्याचा ग्लास पुढे करा.

मेमरी सेल हे निसर्गाचं फार सुंदर काम आहे, पण त्याची एक अट आहे, लढाई कधीतरी संपली पाहिजे. जिथे ती संपत नाही तिथे शरीर एकटं पुरं पडत नाही. तिथली उरलेली आठवण रोजची गोळी ठेवते, आणि ती गोळी चुकू नये याची आठवण आपण माणसांनी ठेवायची असते. दिवाळी जवळ येईल तेव्हा गावाकडे फोन कराल. टोळीला निघालेल्या ओळखीच्या कुणालाही एवढंच विचारा, "काकू, सहा महिन्यांच्या औषधाचं बघितलं का?" कुठल्या औषधाचं, ते विचारायची गरज नाही.